दोन रायफली आणि एक खांदा

माझ्या नवऱ्याने आमच्या लग्नाचा निर्णयही एक्सेल शीटवरच घेतला असावा, असा मला आजही संशय आहे. विचारलं की तो हसतो आणि विषय बदलतो. त्यामुळे दोन हजार पाच साली मी त्याला जेव्हा सांगितलं की मला रायफल घ्यायची आहे, दोन पसंत पडल्या आहेत आणि चारशे युरोंच्या वर जायचं नाही, तेव्हा त्याने "रायफल कशाला?" असं विचारलं नाही. लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "हं, पॅरामीटर्स सांग."

आम्ही तेव्हा हॉलंडमध्ये, झूटरमेर गावी एका चौमजली इमारतीत राहत होतो. तो पुण्याच्या कंपनीकडून प्रोजेक्टवर आलेला, मी त्याच्या मागून आलेली. पहिलं वर्ष मी घरात बसून काढलं. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झालेली बाई दिवसभर खिडकीतून सायकली मोजते, हे दृश्य माझं मलाच बघवत नव्हतं. पुढे लायडनला एका प्रयोगशाळेत आठवड्यातून तीन दिवसांची नोकरी लागली आणि मी पुन्हा माणसांत आले. रायफलचे पैसे त्या पगारातले होते. म्हणजे नवऱ्याच्या परवानगीचा प्रश्नच नव्हता. मत मात्र तो न मागताही देतोच.

रायफलचं वेड जुनं. कॉलेजात एनसीसीला होते, तिथे पॉइंट टू-टूची रायफल पहिल्यांदा हातात आली. आवडली खूप, जमली बेताचीच. उस्ताद पाठीमागून ओरडायचे, "बायीं आँख बंद!" आणि माझा डावा डोळा काही केल्या नीट बंद व्हायचा नाही. शेवटी त्यांनी त्यावर चिकटपट्टी लावली. तरी गोळ्या कागदभर पसरायच्या. मी समजून चुकले की आपल्याला आवड आहे, पण हात नाही.

झूटरमेरला आमच्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर एक शूटिंग क्लब होता. त्याची पाटी मला घरात बसण्याच्या वर्षातच दिसली होती. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी तिथली सभासद झाले. तिथे शिकवायला एक निवृत्त ट्रामचालक होते. सत्तरीचे, उंच, कमी बोलणारे. पहिल्या शनिवारी त्यांनी रायफल हातात दिलीच नाही. म्हणाले, दोन्ही हात समोर धर, बोटांचा त्रिकोण कर आणि त्यातून दाराची मूठ बघ. आता एक डोळा मीट. आता दुसरा. मी उजवा डोळा मिटला तेव्हा मूठ जागेवर होती. डावा मिटला तर मूठ गायब.

"तुझा डावा डोळा मालक आहे," ते म्हणाले. "डाव्या खांद्यावरून मारायचं."

मी चक्क चिडले. मी डावरी नाही, असं त्यांना ठासून सांगितलं. मी उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते. त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, "हात काय, शिकवू तसं करतात. करून तर बघ."

करून बघितलं. रायफलचा दस्ता डाव्या खांद्यात टेकवला, गाल लाकडावर ठेवला आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आपोआप काळ्या ठिपक्याखाली येऊन उभी राहिली. डोळा मिटायची खटपट नाही, मान वाकडी करणं नाही. पाच गोळ्या मारल्या, त्या एका बशीखाली झाकता आल्या असत्या. मी तिथेच, त्या थंड हॉलमध्ये, अनोळखी लोकांसमोर रडले. ट्रामचालक काका घाबरून कॉफी घेऊन आले. त्यांना काय सांगणार होते मी?

सांगण्यासारखं होतं ते असं. मी जन्माने डावरी. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि पहिलीत मी तिच्याच वर्गात होते. ती मला डाव्या मुठीत रुमाल धरून बसवायची. रुमाल खाली पडला की समजायचं, डावा हात चुकारपणा करायला निघाला. शाळेत रुमाल, घरी रुमाल, जेवताना रुमाल. मारलं तिने कधीच नाही. "सवय होईल," एवढंच म्हणायची, अगदी प्रेमाने. आणि झाली सवय. दुसरीत जाईपर्यंत घरातले सगळे विसरून गेले, आणि मीही विसरल्यासारखं केलं. नवऱ्याला तर हे कधी ठाऊकच नव्हतं.

म्हणजे क्लबातला तो शनिवारचा दीड तास हा माझ्या आठवड्यातला एकच वेळ होता, जेव्हा मी माझ्या बाजूने उभी असायचे. वर्षभर मी क्लबची एकेरी रायफल वापरली. एक गोळी भरायची, मारायची, खटका ओढून रिकामी पुंगळी बाहेर काढायची, दुसरी भरायची. वर्ष पुरं झालं की इथे पोलिसांकडे स्वतःच्या रायफलसाठी अर्ज करता येतो. क्लबातल्या एका तीन जणांच्या संघात जागाही रिकामी झाली होती. त्यांच्या स्पर्धेत दहा सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असत, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिकच हवी, चाप ओढला की पुढची गोळी आपली आपण भरणारी. तशी रायफल क्लब उसनी देत नसे. ज्याची त्याने आणायची.

तर त्या दोन रायफली.

एक दुकानातली. दोन वर्षं वापरलेली पण नव्यासारखी, हलकी, काळ्या प्लॅस्टिकचा दस्ता, खालून खट्‌कन बसणारं दहा गोळ्यांचं मॅगझिन, वर दुर्बीण बसवायला पट्टी. किंमत तीनशे चाळीस. दुसरी खुद्द ट्रामचालक काकांची. त्यांच्याकडे दोन होत्या आणि गुडघ्यांमुळे स्पर्धा थांबल्याने एक विकायची होती. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी. अक्रोडाचा दस्ता, गोळ्या दस्त्याच्या पोटातल्या नळीत एकामागून एक भरायच्या, दुर्बिणीची सोय नाही. किंमत चारशे सत्तर. काकांनी ती मला कपाटातून काढून दाखवली आणि एकच वाक्य बोलले, "ही तुला बरी पडेल." का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, विकणारा माणूस म्हणणारच.

नवऱ्याने शीट केली. किंमत, वजन, वय, सुटे भाग, वॉरंटी, पुन्हा विकताना येणारी किंमत, दुर्बिणीची सोय, मॅगझिन, असं बरंच. प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे गुण. मी डायनिंग टेबलावर बसून उत्तरं देत होते आणि तो भराभर आकडे टाकत होता. दुकानातली ब्याऐंशी, काकांची एकसष्ट.

"क्लिअर विनर आहे," तो म्हणाला. "डिस्कशनच नाही. तुझ्या काकांची रायफल सेंटिमेंटल परचेस होईल."

"त्यांनी काही भरीला घातलं नाही मला."

"अगं, पण चारशे सत्तर? बजेटच्या बाहेर आहे, एज तुझ्याहून जास्त, आणि वॉरंटी झीरो."

मला ते पटलं. आकडा समोर दिसला की मला बरं वाटतं, प्रयोगशाळेची सवय. त्या शीटमध्ये अकरा ओळी होत्या आणि त्यात खांद्याची ओळ नव्हती, कारण ती सांगायला हवी होती मी. त्याच आठवड्यात आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. ती आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होती आणि माझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. जेवताना तो सहज म्हणाला असता, "आई, ही तर लेफ्टी निघाली!" आणि मग आईचा चेहरा मला बघावा लागला असता. मी एकोणतीस वर्षांची बाई, परक्या देशात बंदूक चालवत होते आणि आईला माझा डावा हात दिसेल म्हणून घाबरत होते.

आईची आधीची प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे होती. "बंदूक? बाईमाणसाच्या घरात? आणि शेजारीपाजारी काय म्हणतील?" मी म्हटलं, इथले शेजारी आपल्या फोडणीबद्दल बोलतात, बंदुकीबद्दल बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की दसरा जवळ आला आहे, आणि तिचा सूर एकदम बदलला.

"आयुष्यभर खंडेनवमीला विळी, कात्री आणि यांच्या स्कूटरची पूजा केली मी," ती म्हणाली. "शस्त्रपूजा म्हणायची आणि समोर विळी. एकदा तरी खरं शस्त्र असू दे की पाटावर!"

मी तिला समजावलं की इथे रायफल अशी पिशवीत घालून आणता येत नाही. आधी अर्ज, मग पोलीस घरी येऊन कपाट भिंतीला नीट ठोकलंय का ते बघणार, मग परवान्यावर रायफलचा नंबर चढणार, मगच ती घरी येणार. दोन महिने तरी लागतील. आईने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग निदान विसार तरी दसऱ्याला द्या. दुपारच्या विजय मुहूर्तावर. चांगलं काम आहे, मुहूर्ताने होऊ दे."

नवऱ्याला हे फारच आवडलं. त्याच्या मते मुहूर्त ही डेडलाइनच असते. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हे असं आमच्याच घरात होऊ शकतं. एकाने रायफल आकडेमोडीने निवडली, दुसरीने पंचांगाने, आणि जिला ती चालवायची तिने तोंडातून शब्द काढला नाही.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही तिघं दुकानात गेलो. आईच्या अंगावर जरीकाठी साडी, त्यावर स्वेटर, त्यावर माझा जुना कोट. दुकानदार पन्नाशीचा गोरा-गुलाबी माणूस, बोलका. आई पुढे झाली आणि तिने पर्समधून वहीत दाबून आणलेलं आपट्याचं पान काढून त्याच्या हातावर ठेवलं. "सोनं," ती म्हणाली. नवऱ्याने इंग्रजीत खुलासा केला की आमच्याकडे आज हे सोनं म्हणून वाटतात. दुकानदाराने पान उलटसुलट करून बघितलं आणि गंभीरपणे गल्ल्यात ठेवलं. मला तो माणूस एकदम आवडला.

विसाराचा लिफाफा नवऱ्याच्या खिशात होता. मुहूर्ताला पंचवीस मिनिटं होती. दुकानदार म्हणाला, "घ्यायच्या आधी दहा गोळ्या मारून बघ." दुकानाच्या मागे छोटी रेंज होती. क्लबचं कार्ड दाखवलं आणि आत गेले. आई आणि नवरा काचेपलीकडे उभे राहिले. आईने कानांवर आवाज अडवणारे मोठे कानबंद डोक्यावरच्या पदरावरून चढवले होते आणि ती माझ्याकडे टक लावून बघत होती. पहिलीच्या वर्गात बघायची तशीच.

मी रायफल उचलली आणि उजव्या खांद्याला लावली.

ठरवून नाही. आई बघत होती आणि हात गेला. डावा डोळा मिटता मिटेना. मान वाकडी करून मी पाच गोळ्या मारल्या. कागद जवळ आला तेव्हा बघवेना. दोन तर काळ्या वर्तुळाच्या बाहेर होत्या. एनसीसीतली ती मुलगी तिथे हुबेहूब उभी होती, आवड असलेली, हात नसलेली. मला स्वतःचा इतका राग आला की कान तापले. वर्षभरापूर्वी जे एका दाराच्या मुठीने मला परत मिळवून दिलं होतं, ते मी काचेपलीकडच्या एका नजरेसाठी पाच सेकंदांत टाकून दिलं होतं.

मी रायफल डाव्या खांद्यावर घेतली. काचेकडे पाहिलं नाही. पहिली गोळी बरोबर मध्यात लागली. आणि त्याच क्षणी गरम पुंगळी माझ्या गालावर फाट्‌कन बसली. दुसरी चष्म्याच्या काचेवर. तिसरी स्वेटरच्या गळ्यातून आत गेली आणि मी रायफल कशीबशी खाली ठेवून नाचले. त्या रायफलची रिकामी पुंगळी उजवीकडे उडायची. उजव्या खांद्याला लावणाऱ्याच्या ती अंगावर येत नाही, दूर जाते. डाव्या खांद्याला लावली की तोंड नेमकं तिच्या वाटेत. एकेरी रायफलवर पुंगळी मी हाताने काढत होते, त्यामुळे हा प्रश्न मला कधी आलाच नव्हता. आणि काकांचं ते "तुला बरी पडेल" आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरलं. त्यांच्या रायफलची पुंगळी खाली पडत असणार.

दुकानदार आत आला. हसत होता, पण वाईटपणे नाही. "तू डावरी! आधी सांगायचं. काही हरकत नाही, बरेच डावरे ही उजवीकडून मारतात. थोडे दिवस जातील. सवय होईल."

मी बाहेर आले. नवरा घड्याळाकडे बघत म्हणाला, "सात मिनिटं आहेत. काय झालं आत? तू डान्स का करत होतीस?"

"ही नाही घ्यायची."

"काय? अगं, ब्याऐंशी गुण..."

"अरे, ती माझ्या तोंडावर पुंगळ्या फेकते!" माझा आवाज चढला. चढला की तो चढतोच, आणि मराठीत चढला म्हणून कुणाची पर्वा नव्हती. "मी डावरी आहे. जन्मापासून. मी डाव्या खांद्यावरून मारते, आणि चांगलं मारते. उजव्याने मला येत नाही, कधीच येत नव्हतं, आणि आता सवय करून घ्यायची नाहीये मला! एक गोष्ट, एकच गोष्ट मी माझ्या हाताने करते, ती मी तीनशे चाळीस युरोंत द्यायची नाही!"

नवऱ्याचा हात खिशातल्या लिफाफ्यावर तसाच राहिला. माझा गाल चुरचुरत होता. मी आईकडे पाहिलं नाही, पण ती बोलली ते ऐकलं.

"लिफाफा आत ठेवा," ती जावयाला म्हणाली. "मुहूर्त काय, पुढच्या वर्षी परत येतो."

परतीच्या गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. नवरा म्हणाला, "तीन वर्षं झाली लग्नाला. मला सांगितलं नाहीस कधी." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, वाईट वाटलं होतं, आणि ते रास्तच होतं. मी म्हटलं, "मला स्वतःलाच गेल्या वर्षी कळलं पुन्हा." घरी आल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. मला वाटलं, ऑफिसचं काम. मागून डोकावले तर त्याने शीटमध्ये बारावी ओळ टाकली होती, खांदा. तिला शंभरापैकी साठ गुण दिले होते आणि बाकीच्या अकरा ओळींना उरलेले चाळीस वाटून टाकले होते.

"असं कुठे वेटेज असतं का?" मी विचारलं.

"मॉडेल चुकलं की रिवाइज करावं लागतं," तो म्हणाला आणि नाक शिंकरलं.

शनिवारी तो माझ्याबरोबर क्लबात आला, पहिल्यांदाच. काकांनी अक्रोडाची रायफल काढली. मी डाव्या खांद्याला लावली. पाच गोळ्या, आणि पाचही पुंगळ्या टप टप खाली पायांपाशी. तोंडावर काही नाही. काका म्हणाले, फक्त घट्ट बाह्यांचं घालत जा, नाहीतर एखादी बाहीत शिरते. नवऱ्याने कागद हातात घेऊन उजेडात धरला, त्यातल्या भोकांतून आरपार बघितलं, आणि मग मुद्द्यावर आला. वॉरंटी नाही, वय जास्त, दुर्बीण नाही, चारशे वीसला द्या. काकांनी मान हलवली. चारशे तीस? काकांनी पुन्हा मान हलवली. त्या माणसाने आयुष्यभर ट्राम ठरलेल्या मिनिटाला सोडली होती, तो किंमत काय हलवणार! वरच्या सत्तर युरोंसाठी मी त्या वर्षी हिवाळ्याचा नवा कोट घेतला नाही. माझा जुना आईच्या अंगावर होता, त्यामुळे नोव्हेंबरभर मी नवऱ्याचं जाकीट घालून लायडनला गेले. प्रयोगशाळेतल्या लोकांना वाटलं ती फॅशन आहे.

मग अर्ज, दाखले, क्लबच्या सेक्रेटरींची सही. एका मंगळवारी पोलीस घरी आला, तरुण, बूट दाराबाहेर काढून. त्याने कपाट हलवून बघितलं, गोळ्यांची वेगळी पेटी बघितली आणि आईने पुढे केलेली चकली बघितली. एक खाल्ली, दोन कागदात गुंडाळून नेल्या. आई म्हणाली, "परवाना मिळतो बघ."

दुकानातल्या त्या दिवसाबद्दल मात्र आई एक अक्षर बोलली नव्हती. मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. एकदा ती म्हणाली, "दूध उतू जाईल," आणि उठून गेली. गॅसवर दूध नव्हतं. मी नाद सोडला. मला तिच्याकडून माफी नको होती. तिने त्या काळी तिला योग्य वाटलं ते केलं होतं, आणि माझं अक्षर आजही वळणदार आहे, ते तिच्यामुळेच. पण तिने तो हात पाहिला होता, आणि पाहून न पाहिल्यासारखं करत होती, हे मला डाचत होतं.

परवाना आला तेव्हा आई परत जायला सहा दिवस उरले होते. शनिवारी सकाळी मी आणि नवरा जाऊन रायफल घेऊन आलो, कुलूपबंद पेटीत, सरळ घरी, कुठेही न थांबता, नियमाप्रमाणे. दुपारी क्लबात त्या संघाच्या तिसऱ्या जागेसाठी चाचणी होती. आईने पाट मांडून ठेवला होता. रांगोळीसुद्धा काढली होती, लाकडी जमिनीवर, खडूने. दसरा कधीच होऊन गेला होता, त्याचं तिला काही नव्हतं.

मी रायफल रिकामी असल्याचं दोनदा तपासून पाटावर ठेवली. आईचं हळदीकुंकवाचं बोट सरळ नळीकडे निघालं आणि मी ओरडले, "आई, लोखंडावर नको, गंज चढेल!" तिने बोट तसंच हवेत धरलं. मग वाकून, नीट निरखून, तिने ते लाकडावर टेकवलं. फूल वाहिलं, ओवाळलं, आणि नवऱ्याने घंटा वाजवली ती शेजारच्या डच बाईंना ऐकू गेली असणार. अक्रोडाच्या लाकडात ते कुंकू थोडं मुरलं, ते अजून पूर्ण गेलेलं नाही.

"आता जेवून घे," आई म्हणाली. "रिकाम्या पोटी जाऊ नकोस. हात थरथरतील."

मी टेबलाशी बसले. तिने ताट पुढ्यात ठेवलं आणि मी त्याच्याकडे बघतच राहिले. मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर उजवीकडे होती. बटाट्याची भाजी डावीकडे. सगळं उलटं. माझ्या आईने आयुष्यात चुकीचं ताट वाढलेलं नाही. श्राद्धाचं असो, सणाचं असो की रोजचं, तिच्या ताटात मीठ आपल्या जागी असतं, भाजी आपल्या जागी. क्षणभर मला वाटलं, दगदगीत चुकली, वय झालं. मी ताट फिरवायला हात पुढे केला.

"राहू दे तसंच," ती म्हणाली. ती पळी हातात घेऊन समोर उभी होती आणि माझ्या हातांकडे बघत होती.

मी उजवा हात मांडीवर ठेवला. डाव्या हाताने वरणभात कालवला. बोटांना काहीच येत नव्हतं, पहिला घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा ताटात सांडला आणि भाताची शितं हनुवटीला चिकटली.

आईने पळीतलं तूप माझ्या भातावर घातलं, आणखी थोडं घातलं, आणि म्हणाली, "सावकाश जेव. मला कुठे घाई आहे?"